दोनचा सदुसष्टावा घात, वजा एक: प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून एकच संख्या घेऊन बसायचं ठरवलं आहे. संख्या ही:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

२ सदुसष्ट वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा, आलेल्या उत्तरातून १ काढायचा. एकवीस अंक. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. वाचायला सोपी जावी म्हणून सात-सात अंकांचे गट पाडले आणि ती नेमकी तीन गटांत बसली: १४७५७३९ | ५२५८९६७ | ६४१२९२७. म्हणजे १४ लाख ७५ हजार ७३९ कोटी-कोटी, ५२ लाख ५८ हजार ९६७ कोटी, ६४ लाख १२ हजार ९२७. भास्कराचार्यांनी दिलेली अठरा स्थानं परार्धावर संपतात, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. ही संख्या १४७५ परार्धांच्या पुढे जाते.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. त्या पटाला आणखी तीन घरं जोडली तर सगळे दाणे मिळून ही संख्या होते. दोनच्या पायात लिहिली तर ओळीने सदुसष्ट एक, मध्ये एकही शून्य नाही.

हीच संख्या का, तर तिचा इतिहास दोन टप्प्यांचा आहे. ती मूळसंख्या नाही हे १८७६ साली कळलं. तिचे अवयव कोणते हे १९०३ साली कळलं. मधली सत्तावीस वर्षं ती मोडते एवढंच माहीत होतं, कुठे मोडते ते नाही. हे कसं शक्य आहे ते मला कागदावर, स्वतःच्या हाताने समजून घ्यायचं आहे. अवयव कुठेही सहज सापडतील, पण ते शेवटच्या आठवड्यापर्यंत बघायचे नाहीत.

३ जून

संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली. तिथे ती १४७५७३९५२५८९६७६०००००० अशी झाली. पंधरा अंकांच्या पुढचं सगळं शून्य. पुढचं काम वहीत आणि पायथन या संगणकाच्या भाषेत; पायथन पूर्णांक कितीही मोठा असला तरी अंक गाळत नाही.

साधे पडताळे केले. अंकांची बेरीज १०९, म्हणजे ९ ने भागून बाकी १. दुसऱ्या वाटेने: २ चा सहावा घात ६४, त्याची ९ ने बाकी १. ६७ मधून सहाचे गट काढले की १ उरतो, म्हणून २^६७ ची बाकी २, त्यातून १ गेला की १. जुळलं. ११ ने बाकी दोन्ही वाटांनी ६ आली. हे दोन आकडे, ९ साठी १ आणि ११ साठी ६, वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले. पुढे कामी येतील.

५ जून

घातांक संयुक्त असता तर काम एका ओळीत संपलं असतं. २^६ − १ म्हणजे ६३. ६ ला २ आणि ३ ने भाग जातो, म्हणून ६३ ला ३ ने (२^२ − १) आणि ७ ने (२^३ − १) भाग जातोच. ६७ स्वतः मूळसंख्या आहे, त्यामुळे ती वाट बंद.

८ जून, रविवार

आज इतिहास वाचला.

१६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत यादी दिली: २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच २^घ − १ मूळ असते. त्याला रस परिपूर्ण संख्यांमध्ये होता. २^६७ − १ मूळ असती तर तिला २^६६ ने गुणून एक परिपूर्ण संख्या मिळाली असती, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज बरोबर तेवढीच.

यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ चुकीचे, आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेले. ६१ चं इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलं, ८९ आणि १०७ चं आर. ई. पॉवर्स यांनी १९११ आणि १९१४ मध्ये. ६७ ही ६१ ची छपाईतली चूक असावी असं काहींना वाटतं. मला ते पटवून घ्यायचा मोह होतो, पण बाकी तीन चुका छपाईच्या नव्हत्या, तेव्हा हीच एक तशी धरायला आधार नाही. मला त्या यादीचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. अडीचशे वर्षं माणसं तिच्यामागे लागली आणि त्यातून पद्धती जन्मल्या.

९ जून

आज फसले. पायथनमध्ये फर्माची कसोटी लावली: न मूळ असेल तर २ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. चालवलं, बाकी १ आली. दोन वेळा तपासलं, तरी १. संयुक्त म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत असलेली संख्या मूळसंख्येसारखी वागत होती.

१० जून

कारण रात्री सापडलं, आणि सापडल्यावर ते किती उघड आहे ते दिसलं. न = २^६७ − १, म्हणजे न च्या हिशेबात २^६७ ची बाकी नेहमीच १. आणि न − १ = २ × (२^६६ − १). फर्माच्याच सिद्धांताने २^६६ − १ ला ६७ ने भाग जातो, म्हणून न − १ ही ६७ च्या पटीत आहे. मग २ चा (न − १) वा घात म्हणजे १ चाच कुठला तरी घात. घातांक मूळ असलेल्या या जातीच्या सगळ्या संख्या ही कसोटी पास होतात, मूळ असोत वा नसोत. २०४७ = २३ × ८९ सुद्धा होते.

पाया २ ऐवजी ३ घेतला. बाकी १ आली नाही. म्हणजे न संयुक्त आहे हे आता मला माझ्या हाताने कळलं. अवयव मात्र एकही हाती नाही. बाकी म्हणून एकवीस अंकी रांग आली, तिच्यात अवयवाचा मागमूस नाही.

१४ जून

ल्युका यांची कसोटी. एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं की न मूळ नाही. कसोटीचं आज वापरतात ते सुटसुटीत रूप डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिलं. कृती अशी: ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, न ने भागून बाकी ठेवा. हे (घातांक − २) वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त.

आधी ३१ वर, म्हणजे घातांक ५, तीन पायऱ्या: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. मूळ.

मग २०४७ वर, घातांक ११, नऊ पायऱ्या, सगळं वहीत:

४ → १४ → १९४ → ७८८ → ७०१ → ११९ → १८७७ → २४० → २८२ → १७३६

शून्य नाही. २०४७ संयुक्त.

या शेवटच्या १७३६ कडे मी बराच वेळ बघत होते. २३ आणि ८९ हे अवयव या आकड्यात कुठे आहेत? कुठेच नाहीत. ही रांग फक्त 'मूळ असती तर इथे शून्य आलं असतं' एवढंच सांगते. शून्य आलं नाही, विषय संपला. दाराला कुलूप आहे हे हलवून कळतं, किल्ली कुठल्या खिशात आहे ते त्यातून कळत नाही. १८७६ ते १९०३ ही वर्षं मला या एका चार अंकी आकड्यात दिसली. २०४७ चे अवयव कोणीही दोन मिनिटांत काढेल, म्हणून तिथे हा फरक जाणवत नाही. संख्या एकवीस अंकी झाली की तो एका पिढीएवढा होतो.

२^६७ − १ साठी पासष्ट पायऱ्या आहेत, बहुतेकींत एकवीस अंकी संख्येचा वर्ग आणि त्याला एकवीस अंकी भाजक. एक पायरी हाताने करून पाहायचा विचार होता. पहिल्या पाच पायऱ्यांत भाग द्यावाच लागत नाही, संख्या न पेक्षा लहानच राहते. पाचव्या वर्गाची बेरीज करताना दमले. बाकीचं पायथनकडे. शून्य आलं नाही.

१५ जून, रविवार

आता अवयवांच्या मागे. सगळ्यात आधी, शोधायचं कुठे?

न चं वर्गमूळ सुमारे १२१४ कोटी ८० लाख. लहान अवयव त्याच्या आत आहे. तेवढे भाजक तपासणं शक्य नाही, पण तपासावे लागतच नाहीत. समजा भ हा न चा मूळ अवयव आहे. भ च्या हिशेबात २^६७ ची बाकी १. ६७ मूळ असल्यामुळे त्याहून लहान कुठल्याही घाताला बाकी १ येऊ शकत नाही. फर्मा सांगतो की २^(भ−१) ची बाकीही १. म्हणून भ − १ ला ६७ ने भाग गेलाच पाहिजे. भ विषम, म्हणून २ नेही. म्हणजे भ = १३४क + १.

आणखी एक चाळणी: २^६८ ची बाकी २ आहे, आणि २^६८ हा २^३४ चा वर्ग. म्हणजे भ च्या हिशेबात २ ही वर्गसंख्या आहे, आणि तसं फक्त ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येणाऱ्या मूळसंख्यांबाबतच घडतं. त्यातून क ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ हवी. २०४७ वर ताडून पाहिलं: २३ = २२ × १ + १, ८९ = २२ × ४ + १. दोन्ही क नियमात बसतात. हे बघून फार बरं वाटलं. लहान संख्येवर नियम पाळला जाताना दिसला की मोठीवर विश्वास बसतो.

१७ जून

उमेदवार मांडले. क = १: १३५, जातो ५ ने. क = ४: ५३७ = ३ × १७९. क = ५: ६७१ = ११ × ६१. क = ८: १०७३ = २९ × ३७. क = ९: १२०७ = १७ × ७१. पहिली खरी मूळसंख्या क = १२ ला मिळते, १६०९.

हाताने केलं:

२^११ = २०४८, बाकी ४३९.
२^२२: ४३९ चा वर्ग १९२७२१, बाकी १२५०.
२^३३: १२५० × ४३९ = ५४८७५०, बाकी ८१.
२^६६: ८१ चा वर्ग ६५६१, बाकी १२५.
२^६७: बाकी २५०.

१ नाही, २५०. उमेदवार बाद. १२ मिनिटं लागली, पडताळ्यासकट.

१८ जून

पुढचा उमेदवार केला नाही. कालच्या बारा मिनिटांनीच हिशेब मांडून दिला आहे. वर्गमूळापर्यंत चाळणीतून उरणारे क साडेचार कोटींच्या घरात आहेत.

२२ जून, रविवार

ठरवलं होतं त्यापेक्षा आधीच, १९०३ मध्ये अवयव शोधणाऱ्या कोल यांच्याबद्दल वाचलं. अवयव वाचायचे नाहीत म्हणून ती ओळ हाताने झाकून.

३१ ऑक्टोबर १९०३. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची न्यूयॉर्कमधली सभा. फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध मोठ्या संख्यांच्या अवयवांवर. नंतर सांगितला गेलेला किस्सा असा, की ते काही न बोलता फळ्याजवळ गेले, दोनचे घात करत २^६७ पर्यंत आले, १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे तेच उत्तर. एक शब्द न उच्चारता जागेवर जाऊन बसले आणि टाळ्या पडल्या. किती वेळ लागला असं विचारल्यावर 'तीन वर्षांचे रविवार' असं ते म्हणाल्याचं सांगतात.

किस्सा घासूनपुसून गोळीबंद झालेला असेल. पण त्यातली मूक राहण्याची गोष्ट मला गणिताच्या अंगाने अगदी योग्य वाटते. अवयव शोधायला वर्षं लागली, ते बरोबर आहेत हे पटवायला एक गुणाकार पुरतो, आणि गुणाकाराला भाषण लागत नाही. ल्युका यांच्या निकालाला असं करता आलं नसतं. तो पटवायचा तर आधी कसोटीच पटवावी लागते.

२५ जून

पोलार्ड यांची १९७४ ची पद्धत. अवयव भ माहीत नाही, पण भ − १ चे तुकडे लहान असतील अशी आशा धरायची. मग १ पासून एखाद्या मर्यादेपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा लसावि घ्यायचा, एखाद्या पायाला तेवढ्या घाताला न्यायचं, १ वजा करायचा आणि न बरोबर मसावि काढायचा. आशा खरी असेल तर मसाविमध्ये भ बाहेर येतो.

पाया २, मर्यादा २०००. मसावि म्हणून न स्वतःच आला.

या वेळी लगेच ओळखलं. ९ जूनचीच गोष्ट. लसाविमध्ये ६७ आहे, आणि २^६७ ची बाकी १, म्हणून १ वजा केल्यावर शून्यच उरतं. या संख्येपाशी २ घेऊन गेलं की ती काही बोलत नाही.

पाया ३, मर्यादा २०००: मसावि १.

पाया ३, मर्यादा ३०००: मसावि १९३७०७७२१.

२६ जून

काल रात्री पुढे लिहिवलं नाही. नऊ अंकी आकडा एका ओळीत पडद्यावर आला. भागाकार केला, बाकी शून्य, भागाकार ७६१८३८२५७२८७.

आज त्यांना नियम लावले. १९३७०७७२० ÷ १३४ = १४४५५८०, ४ ने भाग जातो, बाकी ०. ७६१८३८२५७२८६ ÷ १३४ = ५६८५३६०१२९, ४ ने बाकी १. एक क या प्रकारचा, दुसरा त्या.

आणि २००० ला का नाही, ३००० ला का:

१९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७
७६१८३८२५७२८६ = २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

पहिल्याचा सगळ्यात मोठा तुकडा २६७७. मर्यादा त्याच्या पुढे गेली आणि तो सुटला. दुसऱ्याचा ८५३९, तो मर्यादेच्या बाहेर राहिला. कुतूहल म्हणून मर्यादा १०००० करून पाहिली: दोन्ही एकदमच सापडले, म्हणजे मसावि पुन्हा न. २६७७ आणि ८५३९ च्या मधली खिडकी होती, ३००० अंदाजाने टाकलं आणि ते तिच्यात पडलं.

२७ जून

सरळ वाटेने किती लागलं असतं? क = १४४५५८० पर्यंत चाळणीतून उरणारे उमेदवार ७,२२,७९०. त्यातले ३, ५, ७, ११ च्या पटीतले काढले तर साधारण तीन लाख. हात सराईत झाला असं धरून एकाला दहा मिनिटं, म्हणजे पन्नास हजार तास. रविवारी आठ तास बसलं तर ६२५० रविवार. तीन वर्षांत रविवार येतात सुमारे १५६. कोल यांनी उमेदवार एकेक करून नक्कीच तपासले नसणार. पुष्कळसे त्यांनी हात न लावताच गाळलेले असणार.

२९ जून, रविवार

हे दोन अवयव स्वतः मूळ आहेत का? त्यांचा कुठलाही अवयव न चाही अवयव, म्हणून त्यालाही १३४क + १ चा नियम लागू. लहानाचं वर्गमूळ १३९१७, म्हणजे क जास्तीत जास्त १०३, आणि चाळणीनंतर फक्त ५१ उमेदवार. बहुतेक ३, ५, ७ नेच उडतात. दुपारभरात हाताने झालं. मोठ्याचे ३२५७ उमेदवार पायथनला दिले. दोन्ही मूळ.

म्हणजे न चे विभाजक चारच. सगळ्यांची बेरीज २^६७ + ७६२०३१९६५००८. न मूळ असती तर ती बरोबर २^६७ आली असती. मर्सेनची परिपूर्ण संख्या बिघडते ती या जास्तीच्या भागामुळे.

६ जुलै, रविवार

शेवटचं काम, गुणाकार. चौकटीचा कागद, आडवा धरून. वर ७६१८३८२५७२८७, खाली १९३७०७७२१.

खालच्या संख्येत ७ तीनदा आहे, म्हणून ७ ची ओळ एकदाच करायची: ५३३२८६७८०१००९. ती तीन ठिकाणी सरकवून लिहिली. १ ची ओळ दोनदा. ० ची सोडून दिली. उरल्या २, ३ आणि ९ च्या: १५२३६७६५१४५७४, २२८५५१४७७१८६१, ६८५६५४४३१५५८३. आठ ओळी. प्रत्येकीला नऊचा पडताळा लावून मगच बेरजेला बसले.

बेरीज आली १४७५७३९५२५८९६८६४१२९२७.

पुठ्ठ्यावरच्या आकड्याशी ताडलं. अंकांची बेरीज ११०, नऊने बाकी २. हवी १. अवयवांच्या बेरजा ३७ आणि ६४, दोन्हींची बाकी १, गुणाकाराचीही १. ओळी बरोबर होत्या, म्हणजे चूक बेरजेत. उजवीकडून एकेक स्तंभ पुन्हा केला: ७, १२, १९, २२, ११, १४ ठीक. सातव्या स्तंभाची बेरीज १६. हातचा १ घ्यायचा तो मी २ घेतला होता. त्यामुळे आठव्यात २७ ऐवजी २८ झाले, आणि ७ च्या जागी ८ बसला. पुढचा हातचा दोन्हीकडे २ च, म्हणून त्यापलीकडचं सगळं बरोबर.

खोडून ७ केला.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

नऊने बाकी १. अकराने पाहिलं: लहान अवयवाची बाकी ९, मोठ्याची ८, गुणाकार ७२, बाकी ६. पुठ्ठ्यावरही ६.